लीलावहिनींचं मेतकूट

लीलावहिनी कधी दाराची बेल वाजवत नसत. डब्यानं दार वाजवत. स्टीलचा लहानसा डबा, झाकण अंगठ्यानं दाबून धरलेलं, आणि डब्याच्या बुडाचे दारावर दोन ठोके. आम्ही सुकापूरला राहायला आलो त्या दिवशीही त्या अशाच आल्या. दार उघडलं तर समोर ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई. केसांना तेल, पदर खोचलेला. म्हणाल्या, "समोरच्या दारातली मी. आज तुमच्याकडे चूल पेटलेली नसणार. हा मसालेभात. डबा रिकामा परत करू नका, मला वाईट वाटतं." मी म्हटलं, "बेल आहे की दाराला." त्यावर म्हणाल्या, "बेल विजेवर चालते. डबा माझ्यावर चालतो."

त्या मूळच्या उरणकडच्या, पण आयुष्य सगळं पनवेलात गेलेलं. यजमान लवकर गेले. मूल नव्हतं. माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा रोज सकाळी येऊन तिची वेणी घालणारी बाई म्हणजे लीलावहिनी. आईनं त्यांना मेतकूट करायला शिकवलं. डाळी किती भाजायच्या, हिंग कधी घालायचा, हे आई पडल्या पडल्या सांगे आणि वहिनी स्वयंपाकघरातून ओरडून विचारत, "लाल की तांबूस?" आई गेल्यावर आमच्याकडे मेतकूट होत राहिलं ते वहिनींच्या हातचं. हे आधी सांगतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला ही बाई वाईट वाटेल. ती वाईट नव्हती. वाईट असती तर मला हे लिहायला सोपं गेलं असतं.

त्यांचं एक वाक्य आमच्या इमारतीत सगळ्यांना पाठ होतं. "विचारलं तर खरं सांगावं. न विचारलेलं सांगत सुटायला आपण काय रेडिओ आहोत?" आमच्या मजल्यावरची एक जागा विकायला निघाली होती. बघायला आलेल्या तरुणानं वहिनींना गाठून पाण्याचं विचारलं, शेजाऱ्यांचं विचारलं, उंदीर आहेत का तेही विचारलं. वहिनींनी सगळं खरं सांगितलं, उंदरांसकट. त्यानं जागा घेतली आणि पावसाळ्यात त्याच्या बाथरूमची भिंत पाझरायला लागली. तो तक्रार घेऊन आला. "काकू, तुम्हाला माहीत होतं ना?"

"होतं की."

"मग बोलला नाहीत!"

"तू भिंतीचं विचारलंस का? विचारलं असतंस तर कुठल्या फरशीच्या वर पाझरते तेसुद्धा सांगितलं असतं."

तो हसला. आम्हीही हसलो. पुढे कित्येक दिवस हा किस्सा आम्ही आल्यागेल्याला सांगत होतो.

अश्विनी ही त्यांच्या भावाची मुलगी. भाऊ-भावजय रस्त्यावरच्या अपघातात एकाच वेळी गेले, तेव्हा ती शाळेत होती. वहिनींनी तिला आणलं आणि वाढवलं. मुलगी शांत, अभ्यासात बरी, बी. कॉम. झालेली. सायकल मात्र तिला कधी चालवू दिली नाही, पोहायला कधी पाठवलं नाही आणि जागरण करू दिलं नाही. आम्हाला वाटे, दुसऱ्याचं मूल म्हणून जास्त जपतात. "आशू, साडेनऊ झाले, पड," ही त्यांची हाक जिन्यात ऐकू येई.

तिचं लग्न ठरवायला करंजाकडचे लोक आले, तेव्हा घरात पुरुषमाणूस हवा म्हणून वहिनींनी मला बसवून घेतलं. मुलगा रूपेश, द्रोणागिरीला एका गोदामात सुपरवायझर. मीही द्रोणागिरीलाच नोकरीला, दुसऱ्या गोदामात. आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या मालाचा मेळ घालणं हे माझं काम. मुलगा मला पसंत पडला. त्याची आई हिराबाई दांडगी बाई, हातात हिरव्या बांगड्या, आवाज बंदरावर चालणारा. तिनं बसल्या बसल्या प्रश्नांची सरबत्ती लावली. मुलगी मासळी साफ करते का, उंची किती, नोकरी करणार का, देवाधर्माचं कसं. वहिनींनी प्रत्येकाचं सरळ उत्तर दिलं. मासळी साफ करताना नाक मुरडते हेही लपवलं नाही. मग हिराबाईनं विचारलं, "आन् पोरीची तब्येत कशी हाय?"

वहिनी हसून म्हणाल्या, "बघा की. तुमच्या समोरच बसलीय."

हिराबाईनं बघितलं. अश्विनी गोरी, भरलेली, लाजून खाली मान घातलेली. "नक्षत्रावानी हाय," हिराबाई म्हणाली आणि सगळे हसले. मला ते उत्तर त्या वेळी फार चतुर वाटलं होतं.

लग्न झालं. त्यानंतर दर महिन्याला वहिनी डब्यानं माझं दार वाजवायच्या. "भाऊजी, आशूचं मेतकूट. तुम्ही जाताच आहात तिकडे. रूपेशच्या हातात द्या. उघडू नका, वास उडतो." मी डबा गाडीत ठेवायचो, रूपेश जेवणाच्या सुट्टीत आमच्या गेटवर येऊन घेऊन जायचा. एकदा सांगत होता, "काका, आमच्याकडे ही पिवळी भुकटी दुसरं कोणी खात नाय. आई बोलते, हिला माहेरचं येड हाय." एकदा गाडी खड्ड्यात आपटली आणि डब्यात काहीतरी खुळखुळलं. संध्याकाळी मी वहिनींना म्हटलं, "मेतकुटात खडे राहिले वाटतं."

"हिंगाचा खडा आहे," वहिनी म्हणाल्या. "वास टिकतो."

ज्या माणसानं शिक्का तपासल्याशिवाय गेटातून एक खोका जाऊ दिला नाही, त्यानं तो डबा महिनोन्महिने वाहिला.

अश्विनीला दिवस गेले. सातव्या महिन्यात ग्रहण आलं. हिराबाईनं तिला ग्रहण सुटेपर्यंत एका जागी बसवून ठेवलं होतं. कापायचं नाही, चिरायचं नाही, शिवायचं नाही. मध्येच हिराबाईच्या पुतण्याचं तान्हं मूल रडायला लागलं म्हणून अश्विनीनं उठून दुधाची पिशवी कात्रीनं कापली. घरात ओरडाआरडा झाला आणि तेवढ्यावर मिटला.

मुलगी झाली. वजन जरा कमी, पण रडली नीट. काही आठवड्यांतच दिसायला लागलं की दूध पिताना तिच्या कपाळाला घाम येतो. दोन घोट घेते, दमते, सोडून देते. छाती भात्यासारखी हलते. उरणच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि नवी मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात जायला सांगितलं. गाडी माझी, म्हणून नेलं मी. बाळ, अश्विनी, हिराबाई आणि वाटेत सुकापूरहून घेतलेल्या लीलावहिनी. रूपेश मोटारसायकलवर मागून.

लहान मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी टू-डी इको केला आणि कागदावर चौकोन काढून त्यात रेघा मारून दाखवलं. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक होतं, तेही मोठं. फुप्फुसांकडे नको इतकं रक्त जात होतं. आधी औषधं, वजन वाढवायचं, मग ऑपरेशन. मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि विचारायला सुरुवात केली. प्रत्येक उत्तर हिराबाई देत होती.

"लग्न नात्यातलं आहे?"

"नाय. आमची न् ह्यांची ओळखपण नवती."

"दोन्हीकडे जन्मापासून हृदयाचा त्रास कुणाला?"

"कोणाला नाय."

"दिवस जायच्या आधीपासून साखर? सुरुवातीला ताप येऊन अंगावर पुरळ?"

"नाय हो."

"तंबाखू, मशेरी?"

"मी लावते. ती नाय."

"कुठल्या गोळ्या चालू होत्या?"

"लोहाच्या. डोकं दुखायची पण कधी घेतली नाय तिनं. डॉक्टरीणबाय, मी सांगते ना काय झालं. गिरान व्हतं, आन् हिनं कात्री धरली."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. म्हणाल्या, "आजी, हृदय पहिल्या दोन महिन्यांत तयार होतं. कित्येकींना तेव्हा कळलेलंही नसतं की दिवस गेलेत. तुमचं ग्रहण सातव्या महिन्यातलं. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं होतं." मग म्हणाल्या की बहुतेक वेळा कारण सापडतच नाही, कुणाचीच चूक नसते. पण काही गोष्टींनी धोका वाढतो, आणि त्या माहीत असल्या तर या बाळाचं आणि पुढच्या बाळाचंही बघता येतं. त्यांनी अश्विनीकडे मान वळवली. "तुम्ही स्वतः सांगा. कसलीही गोळी. खूप जुनी असली तरी."

अश्विनीनं डॉक्टरांकडे पाहिलं नाही. तिनं लीलावहिनींकडे पाहिलं. वहिनी मांडीवरच्या डब्याच्या झाकणावर अंगठा दाबून बसल्या होत्या, जसा दार वाजवताना दाबतात तसा. त्यांनी मान हलवली नाही, डोळ्यानं खुणावलं नाही, काही केलं नाही. नुसत्या खाली बघत राहिल्या.

"नाही," अश्विनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी समोरच्या दारात गेलो. वहिनी गॅसपाशी डाळ भाजत होत्या. मी बसलो नाही. म्हटलं, "वहिनी, डब्यात काय खुळखुळायचं?"

त्यांनी गॅस बंद केला. कढईतली डाळ ताटात ओतली, पसरली. मग म्हणाल्या, "विचारलंत म्हणून सांगते." आणि सगळं सांगितलं. काही म्हणजे काही लपवलं नाही. अश्विनीला शाळेत असताना फिट यायच्या. गोळी सुरू झाली आणि थांबल्या. सहा वर्षांत एकही नाही. पनवेलच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, लग्न ठरलं की मुलीला घेऊन या, ही गोळी पोटातल्या बाळाला चांगली नाही, मूल व्हायच्या आधी ती बदलून घ्यायची.

"मग नेलं का नाहीत?"

"बदलली आणि मांडवात आली असती तर? नव्या घरात, पहिल्या महिन्यात, चार बायकांसमोर तोंडाला फेस आला असता तर? जी गोळी सहा वर्षं धरून होती तीच बरी म्हटलं. लग्नाचा रंग बसला की नेईन म्हटलं. तोवर दिवस गेले."

"आता तरी सांगा. डॉक्टरांना कळायला हवं. आणि त्या घरात ती पोरगी कात्रीवरून शिव्या खातेय."

वहिनी ताटातली डाळ बोटांनी पसरत राहिल्या. "खाऊ दे भाऊजी. ग्रहणावर जातंय ना, जाऊ दे. ग्रहणासाठी कुणी सून घराबाहेर काढत नाही. फिटसाठी काढतात. माझ्या डोळ्यांसमोर काढलेल्या आहेत."

मी म्हटलं, बाळाच्या पुढच्या तपासणीच्या आत तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगणार. त्यावर त्या पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हाला कुणी विचारलंय?"

तपासणीपर्यंत जावं लागलं नाही. अश्विनीनं फोनवर त्या गोळीचं नाव घालून वाचलं होतं. तिनं आत्याला फोन केला. आत्या म्हणाली, "असलं फोनवर बोलू नकोस, कुणी ऐकेल." मग तिनं स्वतःच्या मनानं गोळी बंद केली. अशी गोळी एकदम तोडायची नसते, ती डॉक्टरच हळूहळू बदलतात, हे तिला सांगणारं तिथं कुणी नव्हतं. कारण ती गोळी आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. एका दुपारी बाळाला मांडीवर घेऊन पाजत असताना तिला फिट आली. हिराबाई अंगणात बोंबील वाळत घालत होती. तिनं आवाज ऐकला, धावली आणि बाळ जमिनीवर पडायच्या आत उचललं. शुद्धीवर आल्यावर अश्विनीनं फिट, गोळ्या, डबा, सगळं सांगून टाकलं.

त्या रविवारी सकाळी कुणीतरी डब्यानं दार वाजवलं. माझं नव्हे, समोरचं. ठोके दोन नव्हते, चालूच होते. मी बाहेर आलो. हिराबाई उभी होती आणि तिच्या हातात मेतकुटाचा डबा होता. वहिनींनी दार उघडलं.

"ये बाय, बघ," हिराबाई म्हणाली आणि डबा पुढे केला. झाकण काढलेलं. घासून, पुसून, लख्ख रिकामा. "तुजा डबा. मी रिकामा दिला, लिहून ठेव."

"आत तरी या," वहिनी म्हणाल्या.

"आत कनाला? सगळ्यांना ऐकू दे. माज्या दिराला फिट यायच्या. मी नवी नवरी व्हते तवापासून त्याच्या तोंडाचा फेस मी पुसलाय. त्याला मांडीवर घेऊन बसलेय. आमी पोरीला टाकली आसती? तुला कोणी सांगलं आमी टाकली आसती?"

"तुम्ही विचारलं नाहीत," वहिनी म्हणाल्या. सवयीनं बोलल्या असाव्यात. बोलल्यावर त्यांनाच कळलं असावं, कारण हात चौकटीवर गेला.

"मी इचारलं व्हतं." हिराबाईचा आवाज एकदम खाली आला. "पोरीची तब्येत कशी हाय, म्हून इचारलं व्हतं. ह्या दादाच्या म्होरं इचारलं व्हतं. तू काय बोल्लीस? समोरच बसलीय."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. ते खरं होतं.

हिराबाईनं डबा उंबऱ्यावर ठेवला आणि जिना उतरून गेली. खाली गेटपाशी मी तिला गाठलं आणि विचारलं, आता अश्विनीचं काय. ती म्हणाली, "काय म्हंजे? माजी सून हाय. उद्या मोठ्या डॉक्टरकडं नेते, गोळी बदलाया." मग जाता जाता, "पण गिरानात कात्री धरली तेपण वंगाळच. त्या डॉक्टरीणबायला काय कळतंय."

मोठ्या रुग्णालयात या वेळी सगळं सांगितलं गेलं. मीच घेऊन गेलो होतो. रूपेशनं डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं, "त्या गोळीमुळंच झालं का?" मला वाटलं, आता हिशेब लागेल. त्या म्हणाल्या, "त्या गोळीनं धोका वाढतो हे माहीत आहे. पण ती घेणाऱ्या बऱ्याच जणींची बाळं ठणठणीत असतात, आणि काही न घेणाऱ्यांच्या बाळांनाही हे होतं. खूप बायकांचा मिळून हिशेब मांडता येतो. तुमच्या एका बाळाचा नाही मांडता येत." मेळ घालण्यात आयुष्य घालवलेल्या मला ते उत्तर आजही पचलेलं नाही. वहिनींनी मुलीला वेळेवर नेलं असतं तर हे टळलं असतं असं मी म्हणू शकत नाही. टळलं नसतं असंही म्हणू शकत नाही. एवढंच म्हणू शकतो की टाळायची एक संधी डॉक्टरांनी त्यांच्या हातात दिली होती, आणि त्यांनी ती डाळीच्या पिठात पुरली.

बाहेर बाकावर अश्विनी बाळाला घेऊन बसली होती. मी विचारलं, "आत्याला काय सांगू?"

तिनं बाळाच्या टोपीची नाडी बांधली. मग म्हणाली, "काका, आत्यानं विचारलं तर सगळं खरं सांगा. नाही विचारलं तर काही सांगू नका."

त्यानंतर लीलावहिनींनी डब्यानं दार वाजवलं नाही. बेल वाजवायला लागल्या. पाणी आलं का, कचरेवाला येऊन गेला का, एवढंच बोलणं. बाळाचं वजन हळूहळू वाढलं. मधे एकदा छातीत कफ भरला आणि चार दिवस अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर बसून काढावे लागले. मग ऑपरेशन झालं. मी त्या दिवशी रजा घेतली होती. समोरच्या दारातून वहिनींनी मला बूट घालताना पाहिलं, कामाच्या वेळेला कामाचे नसलेले कपडे पाहिले. त्यांना कळलं नसेल असं मी मानत नाही. त्या दारात उभ्या राहिल्या. मी बुटाच्या नाड्या जरुरीपेक्षा हळू बांधल्या. त्यांनी दार लावून घेतलं.

ऑपरेशन चांगलं झालं. पोर जगली. आता गेटवर बापाबरोबर येते, मोटारसायकलच्या टाकीवर बसून. छातीवर उभा व्रण आहे, तो फ्रॉकच्या गळ्यातून दिसतो. खाते चिक्कार. मी दिसलो की "काका, खाऊ" म्हणून हात पुढे करते. हे सगळं एका वाक्यात सांगण्यासारखं होतं. ते वाक्य मी रोज तोंडात घेऊन जिना चढत होतो.

आपण होऊन का सांगितलं नाही, असं माझी बायको विचारते. तिला मी म्हणतो की पोरीनं घातलेली अट आहे. ते खरं आहे. पण सगळं खरं सांगायचं तर माझ्यातही राग होता. ज्या बाईनं माझ्या आईची वेणी घातली, तिच्यावर इतका राग धरता येतो हे मला माहीत नव्हतं. मला एकदा, फक्त एकदा, तिच्या तोंडून प्रश्न ऐकायचा होता.

गेल्या वर्षी वहिनींनी जागा विकली. गुडघे गेले होते, जिना होत नव्हता. अलिबागकडे नणंदेजवळ राहायला चालल्या होत्या. सामानाचा टेम्पो खाली उभा होता तेव्हा बेल वाजली. दारात वहिनी, पदर खोचलेला, हात रिकामे. खूप बारीक झाल्या होत्या.

"भाऊजी, एक विचारायचं होतं."

मी दार पूर्ण उघडलं. बायको आतून येऊन माझ्यामागे उभी राहिली. वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. जगली, वहिनी, पळते आता.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून आत, जिथं आईची खाट असायची तिकडे पाहिलं.

"गॅसचं पुस्तक," त्या म्हणाल्या, "ते परत कुठे करायचं असतं?"

मी एजन्सीचा पत्ता सांगितला. त्यांनी मान डोलावली, आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत खाली गेल्या.